अंगणातला गोचीड आणि लाइम: न्यू जर्सी ते मॅसॅच्युसेट्समधल्या मराठी घरांसाठी

गावाकडे गोचीड म्हटला की म्हशीच्या कानामागे रक्त पिऊन टच्च फुगलेला करडा गोळा डोळ्यांसमोर येतो. अमेरिकेच्या ईशान्य भागात ज्या गोचिडापासून सावध राहायचं, तो तसा दिसत नाही. अर्धवट वाढीचा, म्हणजे निम्फ अवस्थेतला, खसखशीच्या दाण्याएवढा असतो आणि पूर्ण वाढलेला तिळाएवढा. गुडघ्यामागे चिकटलेली आठ पायांची खसखस कुणाच्या लक्षात येणार? म्हणून लाइम, म्हणजे गोचिडाच्या चाव्यातून होणारा जिवाणूचा आजार, झालेल्या अनेकांना आपल्याला काही चावल्याचं आठवतच नाही. ‘चावल्याचं आठवत नाही, म्हणजे लाइम नसेल’ असं घरीच ठरवून टाकणं ही या आजारातली पहिली चूक.

लाइमचा लिंबाशी संबंध नाही, ते कनेक्टिकटमधल्या एका गावाचं नाव आहे. १९७५ च्या सुमारास तिथल्या पॉली मरे आणि ज्युडिथ मेन्श या दोन आयांनी, आपल्या आणि शेजारच्या इतक्या मुलांचे गुडघे एकाच वेळी कसे सुजतात, असा प्रश्न डॉक्टरांपुढे लावून धरला. त्यातून येल विद्यापीठात तपास सुरू झाला. पुढे विली बर्गडॉर्फर यांनी गोचिडाच्या आतड्यात मळसूत्रासारखा जिवाणू शोधला, १९८२ मध्ये तो शोध प्रसिद्ध झाला आणि जिवाणूला नाव पडलं बोरेलिया बर्गडॉर्फराय. आज अमेरिकेत दरवर्षी सुमारे ४,७६,००० लोकांवर लाइमचे उपचार होतात, असा तिथल्या सीडीसी या आरोग्य संस्थेचा अंदाज आहे. हे रुग्ण देशभर सारखे विखुरलेले नाहीत. बहुतेक सगळे व्हर्जिनियापासून मेनपर्यंतच्या पट्ट्यात आणि विस्कॉन्सिन-मिनेसोटा भागात आढळतात. न्यू जर्सी, पेनसिल्व्हेनिया, न्यूयॉर्क, कनेक्टिकट, मॅसॅच्युसेट्स, म्हणजे मराठी घरं दाटीनं असलेली राज्यं, नेमकी याच पट्ट्यात येतात. टेक्सास किंवा ॲरिझोनात राहणाऱ्याला लाइमची शंका आली, तर डॉक्टर आधी विचारतील की गेल्या महिन्याभरात ईशान्येला जाऊन आलात का. हा प्रश्न टाळाटाळीचा नाही, निदान त्याच्यावरच उभं असतं.

निम्फ सर्वांत जास्त चावतात ते मे ते जुलै या काळात. पुण्या-नाशिकहून आई-बाबा येण्याचा हंगामही तोच. ते सकाळी फिरायला जातात, मागच्या अंगणात मेथी-कोथिंबीर लावतात, नातवंडांबरोबर गवतात बसतात. गोचीड झाडावरून उडी मारत नाही. गवताच्या किंवा झुडपाच्या टोकाशी पुढचे पाय पसरून बसतो आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला पकडतो. त्यामुळे धोका फक्त दाट जंगलात नसतो, हिरवळ संपून झाडी सुरू होते त्या कडेला, पालापाचोळ्यात आणि लाकडांच्या ढिगापाशीही असतो. पूर्ण वाढलेले गोचीड ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये पुन्हा जोर धरतात आणि तापमान ४ अंश सेल्सियसच्या वर असेल तर भर हिवाळ्यातही फिरतात.

गोचीड सापडला तर

जिवाणू गोचिडाच्या आतड्यात असतो. गोचीड रक्त पिऊ लागल्यावर तो हळूहळू लाळग्रंथीपर्यंत पोचतो आणि मग आपल्या अंगात उतरतो. या प्रवासाला सहसा २४ तासांहून जास्त वेळ लागतो. त्यामुळे गोचीड कसा काढला यापेक्षा कधी काढला याला जास्त महत्त्व आहे. सकाळी उघडणाऱ्या क्लिनिकची वाट पाहू नका, दिसला त्या क्षणी घरीच काढा.

बारीक, अणकुचीदार टोकाचा चिमटा घ्या. भुवयांसाठीचा पसरट टोकाचा चिमटा गोचिडाचं पोट दाबतो, म्हणून तो शक्यतो नको. कातडीला अगदी टेकवून गोचिडाचं तोंड पकडा आणि सरळ वर, एकसारख्या ताकदीनं ओढा. पिळू नका, हिसका देऊ नका. कातडी तंबूसारखी वर उचलली जाईल. तसंच धरून ठेवलं की काही सेकंदांत तो सुटतो. तोंडाचा काळा तुकडा आत राहिला आणि चिमट्यानं सहज निघाला तर काढा, नाही तर सोडून द्या. काट्याच्या कुसासारखा तो काही दिवसांत आपोआप बाहेर पडतो. त्या तुकड्यातून लाइम होत नाही, उलट सुईनं कोरत बसलात तर पू होतो. जागा साबणानं किंवा स्पिरिटनं पुसा. रॉकेल, तेल, व्हॅसलीन, नेलपॉलिश, उदबत्तीचा चटका यांतलं काहीही करू नका. गोचीड गुदमरून सुटेल या आशेवर तासन् तास जातात, आणि त्याला डिवचलं तर पोटातला ऐवज जखमेत ओकण्याचा धोका वाढतो.

काढलेला गोचीड चिकटपट्टीत दाबून ठेवा आणि नाण्याशेजारी ठेवून जवळून फोटो घ्या. पुढच्या निर्णयासाठी तीन गोष्टी लागतात: तारीख व वेळ, गोचीड चपटा होता की फुगलेला, आणि तो कोणत्या जातीचा. लाइम पसरवणारा काळ्या पायांचा असतो. त्याच्या मादीचं अंग विटकरी आणि पाठीवरची ढाल काळी. पाठीवर एकच पांढरा ठिपका असेल तर तो लोन स्टार. पाठीवर पांढरी नक्षी आणि आकारानं मोठा असेल तर कुत्र्याचा गोचीड. हे दोन्ही लाइम पसरवत नाहीत, मात्र इतर आजार पसरवू शकतात. गोचीड प्रयोगशाळेत पाठवून ‘त्यात जिवाणू आहे का’ हे तपासून घेण्याची जाहिरात दिसेल. पैसे वाचवा. त्याच्यात जिवाणू निघाला म्हणजे तो तुमच्या अंगात उतरला असं होत नाही, आणि अहवाल येईपर्यंत प्रतिबंधक गोळीची मुदतही संपलेली असते.

एक गोळी, ७२ तास

लाइम टाळण्यासाठी डॉक्सिसायक्लिन या प्रतिजैविकाचा एकच डोस देता येतो: मोठ्यांना २०० मिलिग्रॅम, मुलांना वजनाच्या प्रत्येक किलोमागे ४.४ मिलिग्रॅम, तेही २०० च्या वर नाही. तो प्रत्येक चाव्याला देत नाहीत. गोचीड काळ्या पायांचा असावा, चावा लाइमच्या पट्ट्यात झालेला असावा, गोचीड ३६ तास किंवा जास्त चिकटलेला असावा आणि काढल्याला ७२ तास उलटलेले नसावेत. चिकटल्याची वेळ ठाऊक नसेल तर फुगलेलं पोट हीच खूण. चपटा, अंगावर नुसता चालणारा गोचीड सापडला तर गोळीची गरज नाही. शुक्रवारी संध्याकाळी सापडला तर सोमवारच्या अपॉइंटमेंटवर विसंबू नका, त्याच दिवशी अर्जंट केअर किंवा व्हिडिओ सल्ला घ्या. ७२ तास उलटून गेले असतील तर गोळीच्या मागे लागू नका, अंगावर चट्टा उठतो का यावर ३० दिवस फक्त लक्ष ठेवा. गरोदर असाल तर हा निर्णय आपल्या डॉक्टरांशी बोलूनच घ्यायचा.

चावल्यावर लगेच रक्त तपासून घेण्यात अर्थ नाही. त्या तपासणीत जिवाणू दिसत नाही, दिसतात ती आपल्या शरीरानं बनवलेली प्रतिपिंडं (अँटिबॉडीज). ती बनायला काही आठवडे जातात.

चट्टा कसा ओळखायचा

लाइमच्या ७० ते ८० टक्के रुग्णांमध्ये चट्टा उठतो. चाव्यानंतर ३ ते ३० दिवसांत कधीही, सरासरी सातव्या दिवसाच्या आसपास. धनुर्विद्येच्या लक्ष्यासारखा, वर्तुळात वर्तुळ असलेला चट्टा तुम्ही फोटोंत पाहिला असेल. तो फोटो डोक्यातून काढून टाका. बरेच चट्टे सगळीकडून एकाच रंगाचे असतात. खरी खूण म्हणजे तो दिवसागणिक पसरतो. चावल्यावर एक-दोन दिवसांत उठलेला आणि विरून जाणारा छोटा लालसर डाग ही नुसती चाव्याची प्रतिक्रिया. लाइमचा चट्टा ५ सेंटीमीटरच्या पुढे जातो, कधी वीतभराहूनही मोठा होतो. हाताला कोमट लागतो, पण फारसा खाजत नाही आणि दुखतही नाही. दोन अमेरिकन क्वार्टर शेजारी शेजारी ठेवा, साधारण ५ सेंटीमीटर होतात. डागाच्या कडेनं बॉलपेननं रेघ मारा, नाणं ठेवून फोटो घ्या आणि दुसऱ्या दिवशी त्याच उजेडात पुन्हा घ्या. रेघेबाहेर गेलेला डाग डॉक्टरांना दहा वाक्यांपेक्षा जास्त सांगतो.

आता आपल्या कातडीबद्दल. पुस्तकांतले आणि वेबसाइटवरचे चट्टे बहुतेक गोऱ्या अंगावरचे असतात. गव्हाळ, सावळ्या किंवा काळ्या रंगावर तो बऱ्याचदा लाल दिसत नाही. जांभळट, तपकिरी, मुका मार लागल्यासारखा काळपट दिसतो. दिव्याखाली बघू नका, खिडकीपाशी दिवसाच्या उजेडात बघा आणि हाताचा पालथा भाग फिरवून ऊब जाणवते का ते पाहा. पाठ, काख, जांघ, गुडघ्यामागची खोबण, बेंबी, कानामागे, सलवारच्या किंवा परकराच्या नाडीखाली, अंबाड्याखालची मान: चट्टा याच जागी लपतो आणि तिथे आपण स्वतः पाहत नाही. सासूबाईंची पाठ कुणी बघायची, या संकोचात आठवडा जातो. घरात कुणाला तरी हे काम नेमून द्या.

दोन गैरसमज महागात पडतात. पहिला गजकर्णाचा. गजकर्णाला खाज असते, कडेला खवले असतात आणि तो हळूहळू वाढतो. भारतातून आणलेलं, स्टेरॉइड मिसळलेलं तिहेरी मलम त्यावर चोळलं की रंग फिका पडतो आणि डॉक्टरांना पाहायला काही उरत नाही. जिवाणू मात्र आत आपलं काम करत राहतो. दुसरा गैरसमज कातडीच्या साध्या संसर्गाचा. तो दुखतो, झपाट्यानं वाढतो, आणि त्यावर सर्रास सेफॅलेक्सिन हे प्रतिजैविक देतात. लाइमवर सेफॅलेक्सिन चालत नाही. मे ते जुलैमध्ये, झाडीत किंवा अंगणात वावर असताना, न दुखणाऱ्या चट्ट्यावर कुणी सेफॅलेक्सिन लिहून दिलं, तर ‘लाइम असू शकेल का?’ असं तिथेच, चिठ्ठी हातात घेण्यापूर्वी विचारा. बॅगेतल्या उरलेल्या ॲझिथ्रोमायसिनच्या तीन गोळ्याही घेऊन टाकू नका. लाइमसाठी ते दुय्यम औषध आहे. शिवाय अर्धवट उपचारानं प्रतिपिंडं दबतात आणि पुढची रक्ततपासणी फसवी निघू शकते.

कुठे जायचं, काय सांगायचं

नुकत्या उठलेल्या चट्ट्यासाठी तज्ज्ञ शोधायची गरज नसते. लाइमच्या पट्ट्यातला कुठलाही कुटुंबाचा डॉक्टर, बालरोगतज्ज्ञ किंवा अर्जंट केअरमधली नर्स प्रॅक्टिशनर दर उन्हाळ्यात असे रुग्ण पाहते. बोस्टनच्या नावाजलेल्या तज्ज्ञाची सहा आठवड्यांनंतरची वेळ मिळवण्यापेक्षा एडिसनमधल्या कोपऱ्यावरच्या अर्जंट केअरला आज जाणं हजारपट चांगलं.

फोनवर ‘रॅश आलाय’ एवढंच म्हटलं तर पुढच्या आठवड्याची वेळ मिळेल. ‘एक्सपांडिंग रॅश’, ‘टिक बाइट’ आणि लाइमच्या भागात राहतो, हे तिन्ही एका दमात सांगा, फोटो पेशंट पोर्टलवर टाका, म्हणजे त्याच किंवा दुसऱ्या दिवशी बोलावतात. पट्ट्यातल्या रुग्णाच्या अंगावर नमुनेदार चट्टा दिसत असेल तर रक्ततपासणीशिवायच उपचार सुरू करायचे असतात. मार्गदर्शक सूचना तेच सांगतात. ‘आधी रिपोर्ट येऊ दे’ असं कुणी म्हटलं, तर पहिल्या काही आठवड्यांत तपासणी बऱ्याचदा निगेटिव्ह येते याची नम्रपणे आठवण करून द्या.

आई-बाबांना इंग्रजी जमत नसेल तर दुभाष्या मागा. सरकारी पैसा घेणाऱ्या रुग्णालयांना आणि दवाखान्यांना तो मोफत द्यावा लागतो, बहुतेक वेळा फोनवरून किंवा स्क्रीनवर. मराठी स्पष्ट सांगा, नाही तर ‘इंडियन’ म्हणजे हिंदी असं गृहीत धरून हिंदीचा दुभाष्या जोडून देतात. मुलगा-सून भाषांतर करतात तेव्हा ‘काही नाही, थोडं अंग दुखतंय’ असा सारांश होतो आणि छातीतली धडधड वगळली जाते.

पैशांचं गणित असं. स्वतःचा विमा असेल तर नेटवर्कमधलं अर्जंट केअर. आई-बाबांचा व्हिजिटर इन्शुरन्स असेल तर जाण्यापूर्वी कंपनीच्या नंबरवर फोन करून नेटवर्कमधलं ठिकाण विचारा. अनेक पॉलिसींत इमर्जन्सी रूमला गेलात आणि भरती झाली नाही, तर जास्तीची रक्कम खिशातून जाते. चाव्याची तारीख कागदोपत्री लिहवून घ्या. आजार अमेरिकेत आल्यानंतरचा आहे, पूर्वीपासूनचा नाही, हे क्लेम करताना तिथूनच सिद्ध होतं. विमा नसेल तर केंद्र सरकारच्या अनुदानावरची कम्युनिटी हेल्थ सेंटर पाहा. ती उत्पन्नानुसार फी घेतात आणि पैसे नाहीत म्हणून परत पाठवत नाहीत. डॉक्सिसायक्लिन जेनेरिक औषध आहे. त्याची किंमत फार्मसीगणिक बदलते, त्यामुळे दोन-तीन ठिकाणी विचारा.

पुढच्या गोष्टींसाठी मात्र अर्जंट केअर नाही, थेट इमर्जन्सी रूम: भोवळ येऊन पडणं, छातीत धडधड किंवा दम लागणं, नाडी फार मंद होणं, ताप-डोकेदुखीबरोबर मान आखडणं, एकाएकी गोंधळल्यासारखं वागणं.

औषध

नुसत्या चट्ट्यासाठी मोठ्यांना डॉक्सिसायक्लिन १०० मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, १० दिवस. किंवा अमॉक्सिसिलिन ५०० मिलिग्रॅम तीनदा, १४ दिवस. किंवा सेफ्युरोक्झिम ५०० मिलिग्रॅम दोनदा, १४ दिवस. मुलांचे डोस वजनावर ठरतात. आठ वर्षांखालच्या मुलाला डॉक्सिसायक्लिन देऊ नये, दात पिवळे पडतात, असं आपल्याकडचे डॉक्टर वर्षानुवर्षं सांगत आले. आता अमेरिकेतले बालरोगतज्ज्ञ २१ दिवसांपर्यंतचा कोर्स लहान मुलांनाही देतात. गरोदरपणात सहसा अमॉक्सिसिलिन देतात.

डॉक्सिसायक्लिन घ्यायचे काही नियम आहेत आणि मराठी घरात ते हमखास मोडतात. गोळी दुधाबरोबर, दुधाच्या चहाबरोबर, दही-पनीराबरोबर घेऊ नका. कॅल्शियमची गोळी, लोहाची गोळी, ॲसिडिटीचं औषध या सगळ्यांपासून दोन तासांचं अंतर ठेवा. हे पदार्थ औषधाला पोटातच बांधून ठेवतात. रिकाम्या पोटी मळमळत असेल तर पोळी-भाजीबरोबर घ्या. भरलेला पेलाभर पाणी प्या आणि निदान अर्धा तास आडवे होऊ नका. झोपताना घोटभर पाण्याबरोबर टाकलेली गोळी अन्ननलिकेत अडकते, तिथे जखम करते, आणि मग छातीत आग होते म्हणून हृदयाच्या तपासण्या सुरू होतात. रात्रीचा डोस जेवणाबरोबरच उरकावा. उन्हात कातडी भाजते, सावळी असली तरी. रक्त पातळ करणारं वॉरफरिन चालू असेल तर डॉक्टरांना आधी सांगा, त्याचा परिणाम वाढतो.

पहिल्या २४ तासांत ताप, थंडी आणि चट्टा अचानक वाढल्यासारखा वाटू शकतो. मरणाऱ्या जिवाणूंवर शरीर खवळतं, त्याचा हा परिणाम. ही औषधाची ॲलर्जी नव्हे आणि गोळी बंद करण्याचं कारणही नव्हे. अंगावर गांधी उठणं, ओठ सुजणं, घशात घरघर मात्र ॲलर्जी असू शकते. तेव्हा लगेच फोन करा.

चट्टा हुकला तर

इथे पुन्हा गुंतागुंत वाढते, कारण उरलेली लक्षणं दुसऱ्या आजारांचे मुखवटे घालून येतात.

तोंड एका बाजूला वाकडं होणं हे चाव्यानंतरच्या आठवड्यांत किंवा महिन्यांत दिसतं, कधी दोन्ही बाजूंना. पक्षाघात नाही ना, हे आधी इमर्जन्सी रूममध्ये पाहून घ्यावं लागतं. तो नाकारला की बऱ्याचदा ‘बेल्स पाल्सी’, म्हणजे चेहऱ्याच्या नसेचा लकवा, म्हणून लगेच स्टेरॉइड सुरू होतं. लाइममुळे वाकडं झालेल्या तोंडाला स्टेरॉइडचा फायदा सिद्ध झालेला नाही. म्हणून उन्हाळ्यात, या पट्ट्यात, लाइमची तपासणी त्याच भेटीत मागा. उपचार १४ ते २१ दिवसांचे. डोळा मिटत नसेल तर दिवसा कृत्रिम अश्रूंचे थेंब आणि रात्री पापणीवर पट्टी लावा, नाही तर बुबुळाला इजा होते.

हृदय या आजाराच्या तावडीत क्वचित सापडतं, नोंदवलेल्या रुग्णांपैकी सुमारे १ टक्का. हृदयाच्या वरच्या कप्प्याकडून खालच्याकडे जाणारा विजेचा संदेश अडखळतो. रक्तदाबासाठी नाडी मंदावणारी गोळी घेणाऱ्या साठीच्या माणसाला भोवळ आली की दोष त्या गोळीवर जातो. ईसीजी काढायला लावा. लाइममुळे आलेला अडथळा प्रतिजैविकांनी काही दिवस-आठवड्यांत बरा होतो. मध्ये तात्पुरता पेसमेकर लागू शकतो, कायमचा क्वचितच लागतो. कायमचा बसवण्याची भाषा सुरू झाली तर त्याआधी लाइमचा अहवाल आला आहे ना, हे विचारायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे.

गुडघा सुजतो तो सर्वांत उशिरा, महिन्यांनंतर. सूज भरपूर आणि त्या मानानं दुखणं कमी, हे त्याचं वैशिष्ट्य. या टप्प्यावर रक्ततपासणी जवळजवळ नेहमीच पॉझिटिव्ह असते, म्हणून ती निगेटिव्ह आली तर दुसरं कारण शोधा. तोंडानं २८ दिवस औषध घ्यायचं. सूज औषध संपल्यावरही हळूहळू उतरत राहते.

ताप, अंगदुखी आहे पण सर्दी-खोकला नाही, असा जून-जुलैमधला ‘फ्लू’ वेगळा विषय आहे. तोच गोचीड ॲनाप्लाझ्मा हा जिवाणू आणि बॅबेसिया हा परजीवीही देतो. प्लेटलेट आणि पांढऱ्या पेशी घसरलेल्या, यकृताचे आकडे वाढलेले, तर ॲनाप्लाझ्मा. त्याला डॉक्सिसायक्लिन लागू पडतं, अमॉक्सिसिलिन नाही. बॅबेसिया लाल पेशींत राहतो आणि सूक्ष्मदर्शकाखाली हुबेहूब मलेरियासारखा दिसतो. भारतातून नुकत्याच आलेल्या माणसाचा अहवाल ‘मलेरिया’ आला तर अमेरिकेतल्या गोचिडाची आठवण करून द्या, आणि ‘बॅबेसिया’ आला तर भारतवारीची. दोन्ही आजारांची औषधं वेगळी आहेत. प्लीहा काढलेल्यांना आणि वयस्करांना बॅबेसिया जड जातो.

रक्ताचा अहवाल वाचताना

तपासणी दोन पायऱ्यांची असते. पहिली पॉझिटिव्ह किंवा संदिग्ध आली तरच दुसरी. दुसरी पायरी म्हणजे वेस्टर्न ब्लॉट (प्रतिपिंडं पट्ट्यांच्या रूपात दाखवणारी चाचणी), किंवा २०१९ पासून मान्य झालेल्या पद्धतीत पहिल्यासारखीच आणखी एक चाचणी. ब्लॉटमध्ये आयजीएमच्या (सुरुवातीला बनणारी प्रतिपिंडं) तीनपैकी दोन आणि आयजीजीच्या (नंतर बनणारी) दहापैकी पाच पट्ट्या दिसल्या तरच पॉझिटिव्ह. दोन-तीन आयजीजी पट्ट्या निरोगी माणसातही दिसतात. पोर्टलवर लाल अक्षरांत ‘ॲबनॉर्मल’ पाहून घाबरू नका. आयजीएमला फक्त पहिल्या महिन्यात अर्थ आहे. सहा महिन्यांच्या थकव्यानंतर एकटं आयजीएम पॉझिटिव्ह आलं तर ते बहुधा खोटं असतं. आणि प्रतिपिंडं बरे झाल्यावरही वर्षानुवर्षं रक्तात राहतात, तेव्हा ‘लाइम गेलं का’ हे पाहायला तपासणी पुन्हा करू नका.

उपचारानंतर थकवा, सांधेदुखी, विसरभोळेपणा काही आठवडे रेंगाळतो. ५ ते १० टक्के लोकांत सहा महिन्यांहून जास्त टिकतो. तो खरा असतो, मनाचा खेळ नसतो. पण महिनोन् महिने प्रतिजैविकं देऊन पाहिलेल्या चाचण्यांत टिकाऊ फायदा दिसला नाही, धोका मात्र दिसला: शिरेतल्या नळीचा संसर्ग, आतड्याचा गंभीर जुलाब. याच हताशेवर एक बाजार उभा आहे. विमा न घेता फक्त रोख घेणारा, रक्त स्वतःच्या खास प्रयोगशाळेतच पाठवणारा, लघवीतून किंवा ‘सीडी ५७’ नावाच्या तपासणीतून लाइम सांगणारा, सहा महिन्यांचं सलाइन सुचवणारा आणि तब्येत बिघडली तरी ‘औषध लागू पडतंय’ म्हणणारा भेटला, तर तिथून उठा. अशा वेळी संसर्गजन्य रोगांचे तज्ज्ञ, सांध्यांसाठी ऱ्हुमॅटॉलॉजिस्ट, मेंदू-नसांसाठी न्यूरॉलॉजिस्ट गाठा. शक्यतो वैद्यकीय महाविद्यालयाशी जोडलेले, आणि जाताना सगळे जुने अहवाल घेऊन. थायरॉइड, बी-१२, ड जीवनसत्त्व, हिमोग्लोबिन, झोपेत श्वास अडकणं, ही साधी कारणं आपल्या लोकांत फार आढळतात आणि लाइमच्या नादात तपासायची राहतात.

पुढच्या उन्हाळ्यासाठी

एकदा झालं म्हणून पुन्हा होत नाही असं नाही. नवा चावा, नवा चट्टा, नवा आजार. माणसांसाठी १९९८ मध्ये एक लस आली होती, कंपनीनं ती २००२ मध्ये मागे घेतली. त्यामुळे भर बचावावर. बूट, मोजे आणि पँटवर ०.५ टक्के परमेथ्रिन हे कीटकनाशक फवारून वाळवा. ते कपड्यांसाठी आहे, अंगाला लावायचं नाही. घरात मांजर असेल तर ओलं परमेथ्रिन तिला विषारी असतं. उघड्या अंगाला २० ते ३० टक्के डीट किंवा २० टक्के पिकॅरिडिन असलेला, किडे दूर ठेवणारा स्प्रे. आत आल्यावर कपडे धुण्याआधी ड्रायरमध्ये सर्वांत गरम सेटिंगवर १० मिनिटं फिरवा. गोचीड थंड-कोमट पाण्यानं नाही, कोरड्या उष्णतेनं मरतो. दोन तासांच्या आत आंघोळ, आणि तिथेच अंग चाचपून पाहणं. अंगणात हिरवळ आणि झाडी यांच्यामध्ये तीन फूट रुंदीचा लाकडाच्या भुशाचा किंवा खडीचा पट्टा टाका. मेथीचा वाफा आणि झोपाळा त्या पट्ट्याच्या घराकडच्या बाजूला.

आई-बाबा परत गेल्यावर

ऑक्टोबरमध्ये पुण्यात पोचलेल्या बाबांचा गुडघा डिसेंबरात सुजला तर ऑर्थोपेडिक सर्जन ‘वयाचा गुडघा’ म्हणतील, कारण लाइम त्यांच्या रोजच्या पाहण्यात नाही. म्हणून निघताना त्यांच्या फाइलमध्ये चाव्याची तारीख, चट्ट्याचा फोटो, औषधाची चिठ्ठी आणि ‘मे ते सप्टेंबर न्यू जर्सीत मुक्काम’ एवढी एक ओळ घालून द्या. तपासणी करायची झाली तर एकटी एलायझा, म्हणजे नुसती पहिली पायरी, नको, दोन्ही पायऱ्या हव्यात.

याच्या उलट, कधी परदेशी न गेलेल्या माणसाला सिंधुदुर्गातल्या दोडामार्ग-सावंतवाडीकडे किंवा गोव्यातल्या सत्तरीत जंगलालगतच्या काजूच्या बागेतून आल्यावर ताप चढला, तर लाइम शोधत बसू नका. तिथला गोचीड माकडताप देतो. तो विषाणूचा आजार आहे, त्यावर डॉक्सिसायक्लिन चालत नाही. काजूच्या बागेत किंवा माकडं मेलेल्या रानात जाऊन आल्याचं प्राथमिक आरोग्य केंद्रात पहिल्याच वाक्यात सांगा. विदर्भात पावसाळ्यात शेतात वावरणाऱ्याला ताप असेल आणि अंगावर कुठे सिगारेटचा चटका बसल्यासारखी काळी खपली असेल, तर ते स्क्रब टायफस. तो गोचिडापासून नाही, त्याहून बारीक किड्याच्या पिल्लापासून होतो. तिथे मात्र डॉक्सिसायक्लिन त्याच दिवशी सुरू व्हायला हवं.